बेलबॉटम आणि स्टॉक स्टेटमेंट

परवा नात नवी पँट घालून आमच्या रामबागेतल्या घरी आली. मी टेप काढून मोजलं, बॉटम चक्क २२ इंच! "आजोबा, ही वाइड लेग, एकदम लेटेस्ट." म्हटलं, बाळा, १९७४ साली माझी २४ इंची होती.

मंडळी, आमच्या वेळी फॅशन यायची ती सिनेमातून. १९६० च्या 'लव्ह इन शिमला'नंतर मुलींच्या कपाळावर साधना कट आला. पण इंदूरमध्ये बेलबॉटम घरोघरी पोचवली ती टेलर मास्तरांनी. "साहेब, आता हेच चालतं" म्हणाले की आपण मान डोलवायची. आधी कॉलेजातली पैसेवाली पोरं, मग आम्ही बँकवाले, मग सगळेच. आणि सगळ्यांच्या अंगावर दिसली की पहिले घालणारे ती सोडून मोकळे! कापड तेच, शिलाई तीच.

१९८२ च्या सुमारास कर्जखात्यांचं स्टॉक इन्स्पेक्शन माझ्याकडे होतं. राजवाड्याजवळ रेडिमेडचं छोटं दुकान, मालक आपलाच मराठी माणूस. स्टेटमेंटमध्ये माल भरपूर. मोजायला गेलो तर फळ्यांवर बेलबॉटमचे गठ्ठे, आणि रस्त्यावरची पोरं निमुळत्या पँटीत. बी.कॉम.ला घोकलेलं होतं, खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, जे कमी असेल ते धरायचं. मी बाजारभाव लावला. ड्रॉइंग पॉवर निम्म्यावर आली. तो एवढंच म्हणाला, "साहेब, माल भरला तेव्हा गिऱ्हाईक थांबत नव्हतं." वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागलं.

नियमाने मी बरोबरच होतो. पण त्याच्यासमोर उभा होतो तेव्हा माझी स्वतःची पँटही नवी, अरुंद बॉटमची होती. म्हणजे फॅशन उतरल्याचं मला आधीच कळलं होतं. दोन-तीन महिने अगोदर चहा पिता पिता सांगितलं असतं, तर त्याने सेल लावून निम्मे पैसे तरी सोडवले असते.

तेव्हा पोरांच्या कपड्यांना नावं ठेवणं मी सोडलंय. घालणाऱ्याचं नुकसान फार तर एका पँटीचं. बुडतो तो शेवटी माल भरणारा छोटा दुकानदार, आणि आता मोबाइलमुळे त्याला पूर्वीइतकी सवडही मिळत नाही. अशा मालावर बँकांनी मार्जिन जास्त ठेवावं, आणि अधिकाऱ्याने तपासणीची तारीख येईपर्यंत गप्प बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या चार बेलबॉटम सौ.ने बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता. अजून आहे, त्यात पोहे असतात.