कार्ड आहे, तरी अनामत का?

कार्ड दाखवूनही ‘आधी अनामत भरा’ असे रुग्णालय का सांगते, हा प्रश्न वस्तीतले लोक आम्हाला सतत विचारतात. ‘डॉक्टर लुटतात’ एवढे उत्तर पुरेसे नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, पण रुग्णालयाला मिळते ते ठरावीक पॅकेज. दर परवडत नाहीत, पैसे रखडतात, ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. आयुष्मान भारतच्या नियमानुसार राज्यातला दावा १५ दिवसांत चुकता व्हायला हवा. तो थकला की ‘खाट नाही’, ‘औषध बाहेरून आणा’ सुरू होते. सरकारची थकबाकी मग धुणीभांडी करणारी बाई व्याजाने पैसे काढून भागवते.

त्याहून मोठा दोष म्हणजे पैसा मुख्यतः भरती झाल्यावरच. मधुमेहाच्या रोजच्या गोळीला योजनेत पैसा नाही, किडनी गेल्यावर डायलिसिसला आहे!

थायलंडने २००२ पासून बाह्यरुग्ण सेवेसाठी माणशी ठरावीक रक्कम आणि भरतीसाठी आजाराच्या गटानुसार, एकूण मर्यादेत पैसे देणे सुरू केले. (तिथली सरकारी रुग्णालये आधीच गावोगाव पोचली होती, हेही खरे.)

थकलेल्या दाव्यांचा जिल्हावार हिशेब दरमहा जाहीर करा आणि निधीचा काही वाटा वस्तीच्या आरोग्य केंद्राला माणशी द्या, ही आमची मागणी आहे. तोवर अनामत मागितली तर पावती घ्या आणि आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार द्या.