रेसच्या पुस्तकातला एक रकाना

आमच्या घरात ‘रेस’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. भावकीतला एखादा पोरगा बिघडला की आप्पा म्हणणार, “त्येचं काय सांगतोस, रेसला लागलंय त्ये.” आता घोड्यांच्या रेसचे मैदान आमच्या करवीर तालुक्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब, पुण्याला. पोरगा लागलेला असतो मटक्याला, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण शब्द आपला रेसच. अशा घरातली मी मुलगी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. आणि गेल्या दिवाळीत माझ्या पिशवीत रेसचे पुस्तक सापडले! पुढे काय रामायण झाले असेल याची वाचकांनी कल्पना करावी.

पुस्तक मामांचे होते. माझे थोरले मामा पुण्याला एका तबेल्यात सईस आहेत. जुन्या मराठीत याला मोतद्दार म्हणत. वीस-बावीस वर्षे ते घोड्यांची चाकरी करीत आहेत. मराठी ते बोट फिरवत वाचतात, इंग्रजी मुळीच नाही. दिवाळीला आले तेव्हा खिशातून ते घडी पडलेले पुस्तक काढून म्हणाले, “पोरी, तू विंग्रजी घेऊन शिकतीस न्हवं? मग ह्यात आमच्या घोडीचं काय काय लिवलंय ते वाच बघू.”

मी मोठ्या ऐटीत पुस्तक उघडले, आणि माझी फजिती झाली. वर्डस्वर्थची कविता वर्गात सरांनी समजावल्यावर समजली होती. हे पान मात्र काही केल्या समजेना. अक्षरे ओळखीची, आकडे ओळखीचे, पण अर्थ एकाचाही लागेना. आमच्या घरात शिकलेली म्हणून माझा जो काही मान होता तो त्या पाच मिनिटांत निम्मा झाला. मामा म्हणाले, “असू दे गं.” त्या ‘असू दे’चा मला राग आला. सुट्टी संपेपर्यंत ते पुस्तक मी ठेवून घेतले, मैत्रिणीच्या मोबाईलवर इंग्लंडमधल्या शर्यतींची कार्डे काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचायला शिकले. शर्यतीचे हे सगळे शास्त्र मुळात तिकडचे. इकडे साहेब आला, त्याच्याबरोबर त्याची रेस आली, आणि साहेब गेल्यावरही तिची लिपी मागे राहिली.

ती लिपी थोडक्यात सांगते. इंग्लंडच्या कार्डावर घोड्याच्या नावाच्या डावीकडे आकड्यांची एक माळ असते, समजा ३१-०४२. हे त्याचे प्रगतिपुस्तक. प्रत्येक आकडा म्हणजे एका शर्यतीतला क्रमांक; शून्य म्हणजे दहावा किंवा त्याच्याही मागे. मधली आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला. सर्वांत ताजी शर्यत उजव्या टोकाला. मी आधी उलटे वाचले आणि उतरणीला लागलेल्या एका घोड्याला सुधारलेला ठरवून बसले. उड्यांच्या शर्यतीत आकड्यांच्या जागी अक्षरेही येतात. एफ म्हणजे पडला, पी म्हणजे मध्येच थांबवला, यू म्हणजे जॉकी खाली आणि घोडा पुढे! नावाशेजारी सी असेल तर या मैदानावर पूर्वी जिंकला आहे, डी असेल तर एवढ्याच अंतरावर जिंकला आहे. एका घोड्यापुढे बी. एफ. दिसले तेव्हा मैत्रिणी तोंडाला ओढणी लावून हसल्या. त्याचा अर्थ एवढाच, की गेल्या खेपेला लोकांचा सर्वांत जास्त भरवसा याच्यावर होता आणि हा हरला.

मग वय, रंग, नर की मादी. कुमाईत रंगाला ते ‘बे’ म्हणतात. शिंगरू, शिंगी, खच्ची केलेला घोडा, प्रत्येकाला वेगळे अक्षर. कंसातला आकडा म्हणजे सुटताना कोणत्या खान्यातून सुटणार. डोळ्यांना झापड बांधली असेल तर तेही अक्षराने लिहितात. अंतर मैल आणि फर्लांगांत, आठ फर्लांगांचा एक मैल. वजन स्टोन आणि पौंडांत, चौदा पौंडांचा एक स्टोन. मामांच्या पुस्तकात किलो आणि मीटर, म्हणून आपल्याला ते सोपे.

हे वजनाचे प्रकरण मला सर्वांत मजेशीर वाटले. वजन म्हणजे घोड्याचे नव्हे, घोड्याने पाठीवर वाहायचे. जॉकी, खोगीर आणि कमी पडले तर शिशाचे पत्रे. ज्याला हँडिकॅप म्हणतात त्या शर्यतीत प्रत्येक घोड्याला त्याच्या कर्तबगारीप्रमाणे गुण दिलेले असतात. इंग्लंडात एक गुण जास्त तर एक पौंड ओझे जास्त. चांगल्या घोड्यावर जास्त ओझे आणि कच्च्यावर कमी, म्हणजे सर्वांना सारखी संधी. ओझी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे स्वप्न असे, की सगळे घोडे एका ओळीत रेषेवर यावेत. आता जी शर्यत कोणालाही सांगता येऊ नये म्हणूनच मुद्दाम बांधलेली आहे, तिच्यावर हे पुस्तक वाचून पैसे लावायचे आणि श्रीमंत व्हायचे, याला काय म्हणावे? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले. ते मी आप्पांना सांगून पाहिले. आप्पा म्हणाले, “कौशल्य घोड्याचं, जॉकीचं. लावणाऱ्याचं काय?” यावर मला उत्तर सुचले नाही. मी स्वतः एक रुपयाही लावलेला नाही आणि लावणारही नाही. घरच्यांच्या माहितीसाठी हे येथे छापून ठेवते.

पण हे वाचता वाचता एक नाव भेटले आणि मी थबकले. ‘सयाजीराव’. इंग्लंडच्या घोड्याचे नाव! डॉन्कास्टरला १७७६ पासून सेंट लेजर नावाची शर्यत होते. तिकडच्या पाच मानाच्या शर्यतींतली ती सर्वांत जुनी, पावणेदोन मैलांहून थोडी अधिक. १९४७ च्या सप्टेंबरात, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळून महिनाही झाला नव्हता तेव्हा, ती या सयाजीरावाने जिंकली. मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. घोडा त्यांनी १९४५ साली २८,००० गिनींना घेतला होता. त्या वर्षीच्या त्याच्या आकड्यांत न्यूमार्केटच्या दोन हजार गिनी शर्यतीत ३, एप्समच्या डर्बीत ३, आयर्लंडच्या डर्बीत १. नुसते तीन-तीन पाहून कोणी म्हणेल, मध्यम घोडा. पण त्या गिनी शर्यतीत पहिला आलेला ट्यूडर मिन्स्ट्रेल आठ लांबींनी जिंकला होता. तीन आकडा कोणाच्या मागचा तीन आहे, हे पाहिल्याशिवाय कार्ड वाचले असे होत नाही. परीक्षेच्या टक्क्यांचेही असेच नाही का? असो.

सयाजीराव हे प्रतापसिंहरावांच्या आजोबांचे नाव. ते आजोबा म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचे पोर. बाराव्या वर्षी, १८७५ साली, दत्तक घेऊन त्यांना गादीवर बसवले. तोपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. त्याच माणसाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. आमच्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात तेच १९१७ साली केले. माझ्या घरात शिक्षण यायला त्यानंतर शंभर वर्षे लागली ती गोष्ट वेगळी. सांगायचे एवढेच, की कवळाण्याच्या निरक्षर पोराचे नाव डॉन्कास्टरच्या कार्डावर छापले गेले, पण घोड्याचे नाव म्हणून.

त्या घोड्याबद्दल सर्व काही मिळते. बाप निअर्को, आई रोझी लेजेंड, आईचा बाप डार्क लेजेंड. ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग, जॉकी एडगर ब्रिट. कार्डावर आईचे नाव असतेच, शिवाय आईच्या बापाचेही. आपल्याकडे जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचा सरकारी निर्णय २०२४ साली झाला. घोड्यांच्या बाबतीत तो शहाणपणा फार आधी सुचलेला दिसतो. सयाजीरावाला रोज खरारा कोणी केला, हे मात्र मला कुठेही सापडले नाही.

मग मी मामांचे पुस्तक परत उघडले आणि आता मला वाचता येत होते. घोडीचे नाव, वय, रंग, आई, बाप, मालक, ट्रेनर, जॉकी, जॉकीच्या टोपीचा आणि सदऱ्याचा रंग. टोपीच्या रंगाला जागा आहे. मामांना नाही.

मामांचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. लीद काढणे, खरारा, चंदी, मग पहाटेच्या फेरीला घोडी बाहेर. परत आल्यावर चारही पायांवरून हात फिरवून पाहायचे, कुठे ऊन लागते का. दुपारी परत, संध्याकाळी परत. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात तिच्याबरोबर मुंबई. शर्यतीच्या दिवशी लगाम धरून रिंगणात फिरवणारेही तेच. मी विचारले, “मामा, कार्डावरून कळतं का कोण जिंकणार?” म्हणाले, “आकडं मागचं सांगत्यात. काल रातच्याला तिनं चंदी टाकली का खाल्ली, त्ये कुठं लिवलंय?” चंदी टाकलेली घोडी दुसऱ्या दिवशी धावत नाही, हे त्यांना ठाऊक असते आणि त्या पुस्तकाला ठाऊक नसते.

म्हणून माझे मत असे, की रेसच्या पुस्तकात एक रकाना वाढवावा आणि त्यात घोड्याच्या सईसाचे नाव छापावे. इंग्लंडमध्येही कार्डाची मूळ मांडणी मालक, ट्रेनर आणि जॉकी अशीच. आपण ती जशीच्या तशी उचलली. पण तिथे निदान शर्यतीपूर्वी सर्वांत नेटक्या ठेवलेल्या घोड्याच्या मोतद्दाराला बक्षीस देण्याची पद्धत आहे.

वर्गात हे बोलले तर एक जण म्हणाला, “लग्नपत्रिकेत आचाऱ्याचं नाव छापतात का?” टाळ्या त्यालाच पडल्या. पण पत्रिकेत आचाऱ्याच्या आईच्या वडिलांचे नावही नसते. जिथे इतके बारीक छापतात तिथलीच माझी तक्रार आहे. दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मामांनीच घेतला. नाव छापले तर लावणारे लोक सईसाला गाठतील, पाचशेची नोट दाखवून विचारतील, घोडीने चंदी खाल्ली का? हा धोका मी मानते. पण जॉकीला आणि ट्रेनरलाही लोक गाठत असतीलच. म्हणून त्यांची नावे झाकली नाहीत, नियम केले. एकाच सईसाकडे एकाहून जास्त घोडे असतात, माणसे बदलतात, असेही म्हणतात. जॉकीही बदलतो, तरी त्याचे नाव छापतातच. जॉकीच्या रकान्यात पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही आपली नावे येऊन गेली. म्हणजे मराठी नावाने पुस्तक फाटत नाही.

आपल्या खासबागेत पैलवान मैदानात उतरला की तो कोणत्या तालमीचा आणि कोणत्या वस्तादाचा पठ्ठा हे पुकारतात. बैलगाडीच्या शर्यतीत, २०१४ च्या बंदीनंतर त्या पुन्हा सुरू झाल्यावर मी पाहिले, निवेदक बैलाचे नाव घेतो, मालकाचे, गावाचे आणि हाकणाऱ्याचेही. आम्ही काही फार सुधारलेले लोक नव्हे, पण ही रीत आम्हाला आहे.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या घोडीने पुण्याला शर्यत जिंकली. फोटो एका वर्तमानपत्रात आला. मामांनी ते कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहे. फोटोत मालक आहेत, त्यांच्या घरचे आहेत, ट्रेनर आहे, घोडीवर जॉकी आहे. खाली ‘डावीकडून’ म्हणून नावे आहेत. उजव्या कडेला फोटो कापला आहे आणि लगामावर एक हात तेवढा दिसतो. मनगटावर काळा दोरा. आजीने जोतिबाच्या डोंगरावरून आणलेला तो दोरा आमच्या घरात सगळे ओळखतात. मामी ते कात्रण आल्यागेल्याला दाखवते आणि त्या हातावर बोट ठेवून म्हणते, “ह्ये आमचं.”

सुट्टी संपून मामा निघाले तेव्हा मी पुस्तक परत दिले. घोडीच्या ओळीशेजारी समासात मी पेनने मामांचे नाव लिहिले होते, वर मराठीत आणि खाली इंग्रजीत, छापल्यासारख्या अक्षरांत. मराठी नाव त्यांनी बोट फिरवून वाचले. मग खालच्या ओळीवर बोट ठेवले.

“आन् ह्ये?”

“तेच, इंग्रजीत.”

“जॉकीच्या शेजारी?”

“हो. वय लिहू का? घोडीचं लिहिलंय.”

मामा हसले. “घोडीचं असू दे. माझं नगं लिवू. वय कळलं तर म्हनतील, म्हातारा झाला, जा आता गावाकडं.”

मग पुस्तकाची घडी घातली आणि खिशात ठेवले.