माळ पडीक नसतो

संपादक महोदय,

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा कार्बन जिरवण्यासाठी ‘पडीक’ माळांवर झाडे लावावीत, हे आपल्या अंकातील मत मातीचा वरचा थरच मोजते. ‘इकॉलॉजिकल अ‍ॅप्लिकेशन्स’मधील २००० सालच्या जागतिक अभ्यासानुसार मीटरभर मातीतल्या सेंद्रिय कर्बापैकी वरच्या २० सेंटिमीटरांत जंगलात सुमारे ५० टक्के, गवताळ प्रदेशात ४२, तर झुडपी प्रदेशात ३३ टक्के असतो; उरलेला खाली. आपले माळ मुरमाड, उथळ, हे मान्य. पण खड्ड्यांसाठी ते उकरले, तर आहे तो कर्बही उघडा पडतो. माती काळी असेल, तर तिला उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांतून आत घसरते. तिथे वीतभर खोलीच्या नमुन्यावर हिशेब लागत नाही. झाडे बांधावर लावा, कुसळी-मारवेल गवत उपटून नको.

आपला,
एक वाचक, एकलहरे (नाशिक)