द्रुओ गल्लीतली पाटी

पॅरिसच्या बेर्सी भागात मोठ्या क्रीडागृहासमोर एक गिटार आकाशाकडे रोखून उभी आहे आणि तिच्या टोकावर चक्क एक हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकल चढवलेली आहे. बर्त्राँ लाव्हिए या शिल्पकाराचं हे काम सप्टेंबर 2021 मध्ये उभं राहिलं आणि त्याच वेळी तिथल्या पटांगणाला जॉनी हॅलिडे याचं नाव देण्यात आलं. दहा कोटींहून अधिक रेकॉर्ड विकल्या गेलेल्या, डिसेंबर 2017 मध्ये ज्याच्या अंत्ययात्रेला शाँझेलिझेवर लाखो लोक लोटले, त्या गायकाला शोभेल असंच हे स्मारक.

पण हा गायक घडला कसा, हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्यानं बेर्सीहून शहराच्या नवव्या विभागात यावं. रिशलिए-द्रुओ मेट्रो स्थानकातून वर आलं की माँमार्त्र बुलेव्हार आणि द्रुओ गल्लीचा कोपरा लागतो. लिलावांसाठी प्रसिद्ध असलेलं ओतेल द्रुओ इथून हाकेच्या अंतरावर. या कोपऱ्यावरच्या दोन क्रमांकाच्या इमारतीवर 2014 साली एक साधी पाटी बसवण्यात आली. ती गोल्फ-द्रुओ नावाच्या क्लबची आहे.

1950च्या दशकात या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक टी-रूम होती आणि तिला जोडून छोटंसं मिनी-गोल्फ. गिऱ्हाईक जेमतेम. तिथल्या बारमागे आँरी लप्रू नावाचा तरुण काम करायचा. मोठी माणसं येत नाहीत तर पोरांना येऊ द्यावं, असं त्यानं ठरवलं आणि तिथे ज्यूकबॉक्स आणून ठेवला. त्यात अमेरिकन रेकॉर्ड होत्या. फ्रेंच रेडिओवर तेव्हा ही गाणी क्वचितच लागत. नाणं टाकलं की एल्व्हिस ऐकायला मिळतो, ही बातमी आसपासच्या शाळकरी मुलांत आणि ऑफिसांतल्या हरकाम्या पोरांत पसरायला वेळ लागला नाही. जवळच्याच क्रेदी लियोने बँकेत निरोप पोचवण्याचं काम करणारा क्लोद मुआन इथे यायचा. पुढे तो एडी मिचेल या नावानं गाजला. जाक द्युत्राँ यायचा. आणि त्रिनिते चर्चच्या परिसरात राहणारा, सोनेरी केसांचा, लाजाळू जाँ-फिलिप स्मेटही यायचा.

जाँ-फिलिपचा जन्म 15 जून 1943चा. बेल्जियन वडील तान्ह्या पोराला सोडून गेले आणि आत्यानं त्याला वाढवलं. आत्याच्या मुली नर्तकी. त्यांच्याबरोबर हा मुलगा गावोगावच्या नाट्यगृहांत हिंडला. बहिणी कपडे बदलून येईपर्यंत गिटार घेऊन रंगमंचावर उभं राहायचं आणि प्रेक्षकांना धरून ठेवायचं, हे त्याचं काम. बहिणींपैकी देस्ताचा अमेरिकन जोडीदार ली हॅलिडे या नावानं नाचायचा. मुलानं त्याचं आडनाव उचललं. पहिल्या रेकॉर्डवर त्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं आणि ती चूक जन्मभराची ओळख झाली.

म्हणजे रंगमंचाची सवय त्याला घरातूनच लागली होती. मात्र वयाच्या चौदा-पंधराव्या वर्षी, एल्व्हिसचा सिनेमा पाहून झपाटलेल्या मुलाला समवयस्क श्रोते लागतात. आपल्यासारखंच वेड असलेली, चुकलं तर तोंडावर सांगणारी आणि जमलं तर टेबल बडवणारी पोरं लागतात. ती घरात मिळत नाहीत. ती त्याला गोल्फ-द्रुओत मिळाली. पैलवानाला तालीम तशी या मुलांना ही जागा होती. म्हणूनच या पाटीचं मोल बेर्सीच्या गिटारीहून काकणभर जास्त आहे.

कारण बाहेरच्या जगानं त्याचं स्वागत केलं नव्हतं. डिसेंबर 1959 मध्ये मार्कादे-पालास या सभागृहातल्या रेडिओ कार्यक्रमात तो गायला आणि त्यातून व्होग कंपनीचा करार मिळाला. मार्च 1960 मध्ये पहिली रेकॉर्ड आली. युरोप-1 रेडिओच्या लूसियाँ मोरिस यांनी ती प्रक्षेपण चालू असतानाच मोडून टाकली, असं सांगतात. एप्रिलमध्ये तो पहिल्यांदा टीव्हीवर दिसला. शेजारी उभ्या असलेल्या नामवंत गायिका लिन रनो यांनी, वडील अमेरिकन आणि आई फ्रेंच, अशी त्याची ओळख करून दिली. फ्रेंच माणूस रॉक गाऊ शकतो यावर कोणाचा विश्वास बसेना, म्हणून रचलेली ही कहाणी. सप्टेंबरमध्ये अल्हाम्ब्रा थिएटरात विनोदवीर रेमों दव्होस यांच्या आधी त्याला गायला मिळालं. तो गिटार घेऊन जमिनीवर लोळला, तसं महागड्या खुर्च्यांवरून शिट्ट्या आणि हुर्यो सुरू झाली. वरच्या गॅलरीतली तरुण मुलं मात्र त्याच्या बाजूनं ओरडत होती.

त्यानंतर फक्त तीन वर्षं गेली. 22 जून 1963च्या रात्री ‘सालु ले कोपँ’ या तरुणांच्या मासिकाच्या वाढदिवसाला पॅरिसच्या नास्यों चौकात दीड लाखांहून अधिक मुलं जमली. त्यांना ऐकायचं होतं ते जॉनीला आणि त्याच्या साथीदारांना. मुलं झाडांवर चढली, गाड्यांच्या टपांवर चढली. हे काय घडलं, याचा उलगडा करणारे लेख समाजशास्त्रज्ञ एदगार मोराँ यांनी ‘ल माँद’मध्ये लिहिले. ती झुंड आकाशातून पडलेली नव्हती. ज्यूकबॉक्सभोवती कोंडाळं करणाऱ्या पोरांचीच ती वाढलेली संख्या होती.

लप्रू यांनी ते ओळखलं होतं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गोल्फ-द्रुओचं रीतसर रॉक क्लबमध्ये रूपांतर केलं आणि दर शुक्रवारी नवख्या बँडसाठी स्पर्धा ठेवली. नाव नसलेल्या, कालपरवा वाद्यं घेतलेल्या मुलांना खऱ्या रंगमंचावर, खऱ्या श्रोत्यांसमोर उभं राहायला मिळू लागलं. 31 डिसेंबर 1965 रोजी इथे लंडनहून आलेला एक अठरा वर्षांचा मुलगा गायला. डेव्ही जोन्स हे नाव सोडून तो डेव्हिड बोवी झाला, त्याला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. 1981 साली क्लब बंद पडेपर्यंत फ्रेंच रॉकच्या दोन पिढ्या या जिन्यानं वर गेल्या. पाटी लागली तेव्हा लप्रू हयात होते. त्याच वर्षी ते वारले.

शहरं बहुधा यशाच्या जागा जपतात. कलावंत राहिला तो बंगला, त्यानं गाजवलेलं सभागृह. अजून काहीच नसलेल्या मुलाला कोणी दार उघडलं, याची नोंद कमी ठिकाणी होते. पॅरिसनं ती केली आणि गायकाच्या आधी जागेचा मान ठेवला, हे फार चांगलं केलं.

तो धडा जॉनीनंही घेतलेला दिसतो. 1966च्या शरद ऋतूत लंडनमध्ये त्यानं एका अपरिचित अमेरिकन गिटारवादकाला ऐकलं आणि आपल्या फ्रान्सच्या दौऱ्यात बोलावून घेतलं. त्या वादकाचा बँड नुकताच जुळत होता. 13 ऑक्टोबरला नॉर्मंडीतल्या एव्हरु गावी, जॉनीच्या कार्यक्रमाच्या आधी, त्या बँडनं आपला पहिला प्रयोग केला आणि पाचच दिवसांनी तो पॅरिसच्या ऑलिम्पियावर होता. वादकाचं नाव जिमी हेंड्रिक्स. त्याला बोलावणारा तारा तेव्हा तेवीस वर्षांचा होता.