खिडकीतली आई आणि शेल्फवरचं पुस्तक

जुन्या इंग्रजी पुस्तकांना सध्या चांगले दिवस आलेत. वाचण्यासाठी नव्हे, फोटोसाठी. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं, पिवळी पानं, शेजारी कॉफीचा मग, की झाली पोस्ट तयार. फूटपाथवरच्या पुस्तकवाल्यांनाही हे कळलंय. जरा जुनाट दिसणारी प्रत ते 'अँटिक' म्हणून ढिगातून वेगळी काढून ठेवतात. फोर्टातल्या अशाच एका ढिगातून मी दोनशे रुपयांना 'अ विंडो इन थ्रम्स' उचललं. लेखक जे. एम. बॅरी. हो, 'पीटर पॅन'वालेच.

आधी 'अँटिक'चा फुगा फोडू या. हे पुस्तक 1889 मध्ये आलं आणि इतकं खपलं की आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. म्हणजे जुनी प्रत असली तरी ती दुर्मीळ असेलच असं नाही. मजकूर तर 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर फुकट आहे. मग शेल्फवर सजवून ठेवलेल्या प्रतीचा उपयोग काय? माझं स्पष्ट मत आहे: ती उघडा. कारण आत जे आहे ते गाव सोडून शिकायला आलेल्या प्रत्येकाच्या जिव्हारी लागणारं आहे.

थ्रम्स हे स्कॉटलंडमधलं विणकरांचं गाव. मागावरून कापड कापून घेतल्यावर सुताची जी टोकं उरतात, त्यांना 'थ्रम्स' म्हणतात. म्हणायला ही कादंबरी, खरं तर एकाच घराभोवती फिरणारे प्रसंग. जेस नावाची बाई पायाने अधू आहे. ती खिडकीशी बसते आणि तिथून गाव बघते. नवरा हेन्ड्री विणकर, मुलगी लीबी घर सांभाळते आणि मुलगा जेमी लंडनमध्ये न्हावी. तो वर्षातून एकदा घरी येतो आणि आईचं सगळं वर्ष त्या भेटीवर चालतं. एकदा तिला त्याच्या कपड्यांत बाईचा हातमोजा सापडतो आणि ती आतून हलते. पुढे जेमी शहरात अडकतो, यायचा थांबतो. घरातली माणसं एकेक करून जातात. तो परततो तेव्हा खिडकीत कुणीच नसतं.

हे वाचून डोळ्यांत पाणी येतं. पण इथेच थांबून एक प्रश्न विचारायला हवा: हे गाव लिहिलं कुणी आणि कुणासाठी?

थ्रम्स म्हणजे बॅरीचं जन्मगाव किरिम्यूर. वडील हातमागावरचे विणकर. बॅरी 1885 मध्ये लंडनला गेला, पत्रकारितेत पोट भरायला. आईच्या तोंडून ऐकलेल्या जुन्या गावाच्या गोष्टी त्याने वर्तमानपत्राकडे पाठवल्या होत्या. संपादकाला त्या आवडल्या आणि त्याने अशाच आणखी मागितल्या. इंटर्नशिप करताना 'असंच अजून दे' हे वाक्य मीही ऐकते, त्यामुळे पुढचं मला लगेच समजलं. गावाला मागणी होती, म्हणून गाव लिहिलं गेलं. वाचक होता शहरातला, स्वतःही कुठून तरी आलेला.

त्या लाटेत इतरही लेखक उतरले. इयन मॅक्लॅरन या टोपणनावाने लिहिणारा पाद्री तर नोकरीला लिव्हरपूलमध्ये होता. त्याचं 'बिसाइड द बॉनी ब्रायर बुश' अमेरिकेतही तुफान खपलं. 1895 मध्ये जे. एच. मिलर या समीक्षकाने या सगळ्यांना एकत्र नाव चिकटवलं: 'केलयार्ड', म्हणजे परसातला भाजीचा वाफा. टोमणा बरोबर बसला. कारण त्याच काळात यंत्रमागांनी हातमाग बसवले होते आणि माणसं कामासाठी गाव सोडत होती. किरिम्यूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या डंडीत तागाच्या गिरण्या धडधडत होत्या, तेही आपल्या बंगालातून गेलेल्या तागावर. या लेखकांच्या गावात त्या गिरण्यांचा भोंगा फारसा ऐकू येत नाही. 1901 मध्ये जॉर्ज डग्लस ब्राउनने 'द हाउस विथ द ग्रीन शटर्स' लिहून गावातली असूया आणि क्रूरपणा दाखवला, तो या गोडव्यावरचा उतारा होता.

आपल्या फोनवर वेगळं काय चालतं? चुलीवरची भाकरी, शेणाने सारवलेलं अंगण, मागे बासरी. रील बनवणारा बहुतेक वेळा शहरात राहतो, लाइक करणारेही शहरातच. विहीर कोरडी पडली, एसटीची फेरी बंद झाली, याचं रील व्हायरल होत नाही. गावची आठवण येणं यात गैर काही नाही. गैर आहे ते आठवणीलाच गाव समजणं.

तरीही मी बॅरीला भाजीच्या वाफ्यात टाकून मोकळी होणार नाही. मॅक्लॅरनच्या गावात माणसं जरा जास्तच चांगली आहेत. बॅरीकडे मात्र एक बोच आहे. गाव सोडून लंडन गाठणारा जेमी आणि गाव सोडून लंडन गाठणारा लेखक, यांच्यात फार अंतर नाही. तरी तो जेमीला सोडत नाही आणि गावकरीही त्याला माफ करत नाहीत. गावाचा गोडवा विकणाऱ्या लेखकाने त्या गोडव्याची किंमत कोण मोजतं तेही लिहून ठेवलं: खिडकीशी बसलेली आई.

वाचायचं ठरवलं तर एक सूचना. संवाद स्कॉट्स बोलीत आहेत, सुरुवातीची वीसेक पानं अडखळायला होतं. मोठ्याने वाचा, बोली हळूहळू कानात बसते. प्रत जुनी असो वा फोनवरची पीडीएफ, फरक पडत नाही. वाचून झाल्यावर मला एवढंच सांगा: जेमी दोषी आहे का? आमच्या हॉस्टेलच्या खोलीत यावर तिघींची तीन मतं आहेत.