दिसायला सरळ, चालायला वाकडी

दोस्तांनो, तुमच्या वर्गात एक तरी डुगडुगणारं बाक असणारच. एकाने कोपर टेकलं की शेजारच्याचं अक्षर वाकडं! त्यावरचा उपायही तुम्हाला पाठ आहे. वहीच्या कागदाची घडी करायची आणि अधांतरी पायाखाली सरकवायची. आता सांगा पाहू, घडी घालण्याआधी ते बाक किती पायांवर उभं असतं? चार म्हणालात तर चुकलात. तीन म्हणालात तर थोडे कमी चुकलात. बहुतेक सगळं वजन असतं ते तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांवर. उरलेले दोघे नुसती हजेरी लावतात.

हे बाक डोळ्यांपुढे ठेवा. कारण आज सांगणार आहे ती एका चारचाकीची गोष्ट. ती दिसायला सरळ होती, टेपने मोजली तरी सरळ होती, आणि तरीही एका पावसाळी सकाळी तिने आमचा जीव टांगणीला लावला.

रोह्याला आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांच्याकडे जुनी, उंच, जीपसारखी गाडी आहे. गणपती दोन दिवसांवर आले होते. पेणजवळच्या हमरापूरला मूर्ती सांगून ठेवली होती. ती आणायला काका निघाले, बरोबर मी आणि त्यांची आठवीतली पुतणी. पाऊस रिपरिपत होता. नागोठण्याच्या अलीकडे भिसे खिंडीच्या उतारावर समोर एक म्हैस आली, काकांनी ब्रेक दाबला, आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली. आपण डावीकडून गाड्या चालवतो. म्हणजे उजवीकडे कोण? समोरून येणारा! सुदैवाने त्या क्षणी समोर कुणी नव्हतं. म्हैस शांतपणे निघून गेली. आम्ही मात्र दोन मिनिटं गप्प बसून होतो.

"असं कसं झालं?" काका म्हणाले. "परवाच तर गाडी लेव्हल करून घेतलीय!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. गाडीचा पुढचा उजवा कोपरा डाव्यापेक्षा चांगला अर्धा इंच खाली दिसत होता. एका गॅरेजवाल्याने उजव्या बाजूचा बोल्ट फिरवून तो वर उचलून दिला होता. चारही बाजू टेपने मोजून दाखवल्या होत्या. सगळ्या सारख्या!

बोल्ट फिरवून गाडी वर-खाली कशी होते, हे आधी पाहू. ओला टॉवेल पिळताना तुम्ही दोन्ही टोकं उलट दिशांनी फिरवता. एक टोक सोडलं की पीळ उलगडतो. पोलादाचा लांब दांडाही असाच पिळता येतो, फक्त त्याला पिळायला मोटारीचं वजन लागतं. दांड्याचं एक टोक चाकाच्या आडव्या हाताला जोडायचं आणि दुसरं गाडीच्या सांगाड्यात पक्कं करायचं. चाक खड्ड्यातून वर उसळलं की दांडा पिळला जातो आणि पुन्हा उलगडतो. झाली स्प्रिंग! तुमच्या आजोबांच्या काळातल्या अॅम्बेसेडरला पुढे असेच दांडे होते. ही गाडी कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती. १९९८ साली आलेल्या टाटा सफारीलाही पुढे दांडेच होते. अशा पुष्कळ गाड्यांत सांगाड्याकडच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की दांड्याला आणखी पीळ बसतो आणि गाडीचा तो कोपरा वर येतो. सैल केला की खाली. मोटरसायकलच्या मागच्या स्प्रिंगखालीही पायऱ्या-पायऱ्यांची एक कडी असते. मागे नेहमी कुणी बसणार असेल तर ती एक-दोन पायऱ्या वर फिरवतात. बाबांच्या गाडीला आहे का बघा, पण स्वतः फिरवू नका.

तर गाडी मोजमापाला सरळ, आणि ब्रेक लावला की वाकडी. वडखळ मागे टाकून आम्ही जपून, अगदी बैलगाडीच्या चालीने पेणला पोचलो आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना उचललाच नाही. आधी चारही टायरांची हवा तपासली. ती नीट होती. मग गाडी फरशीवर घेतली. फरशी सपाट आहे ना, हे गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने आधीच पाहिलेलं होतं. (काकांच्या अंगणाला गटाराकडे उतार आहे. मूर्ती ठेवायचा पाट आपण नीट बसलाय ना बघतो, गाडी मात्र दिसेल तिथे उभी करून मोजतो!) गाडी चार पावलं पुढे-मागे करून, कोपऱ्यांवर दाबून हलवून स्थिर होऊ दिली. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. जमिनीपासून नाही, कारण मग टायर किती दबलाय तेही त्यात मिसळतं. मापं पुन्हा सारखीच आली.

"मागचं काही काम केलंत का?" त्यांनी विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वी मागचा डावा कमानपाटा तुटला होता. तो बदलला."

"आणि उजवा?"

"तो चांगला होता हो."

मिस्त्री हसले. "काका, तुमची गाडी खाली नव्हतीच आली. डावीकडून मागे वर गेली होती. चला, जरा काट्यावर जाऊ."

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीच्या वरचं नाही. मिस्त्री लोक इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. समजा, गाडीच्या चारही स्प्रिंगा सारख्या आहेत आणि वजन बरोबर मध्ये आहे. एका कोपऱ्याची स्प्रिंग तुम्ही ४ सूत उंच केलीत. तो कोपरा किती वर येईल? ४ नाही, ३ सूतच. कारण गाडीचा सांगाडा कडक असतो, एका कोपऱ्याला इतरांना सोडून एकटं वर जाता येत नाही. त्याच्या शेजारचे दोन्ही कोपरे १-१ सूत वर येतात. आणि तिरका समोरचा कोपरा चक्क १ सूत खाली जातो!

खोटं वाटतं? मग आंघोळीचे चार सारखे स्पंज घ्या. त्यांवर लाकडी पाट ठेवा आणि मधोमध तांदळाचा डबा. पट्टीने चारही कोपऱ्यांची उंची लिहून ठेवा. आता एका स्पंजाखाली बोटभर जाडीची वही सरकवा आणि पुन्हा मोजा. स्पंज काही मापात बनवलेले नसतात, त्यामुळे उत्तर अगदी ३-१-१ येणार नाही. पण तिरका कोपरा खाली गेलेला नक्की दिसेल.

काकांच्या गाडीचं हेच झालं होतं. दबलेल्या जुन्या पाट्याच्या जागी नवा ताठ पाटा आला. तो समजा ८ सूत उंच होता. मग मागचा डावा कोपरा ६ सूत वर गेला, पुढचा डावा आणि मागचा उजवा २-२ सूत वर, आणि तिरका समोरचा, म्हणजे पुढचा उजवा, २ सूत खाली. काकांनी पाहिलं फक्त पुढून. एक बाजू २ वर, दुसरी २ खाली, फरक ४ सूत. अर्धा इंच! त्यांना वाटलं, उजवा दांडा थकला. गॅरेजवाल्यानेही पुढच्या दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत बोल्ट आवळला. त्यासाठी त्याला तो कोपरा बरोबर ८ सूतच उंच करावा लागला. आता बेरीज करा. पुढचा उजवा : खाली २, वर ६, म्हणजे वर ४. मागचा डावा : वर ६, खाली २, म्हणजे ४. पुढचा डावा २ आणि २, ४. मागचा उजवाही ४. चारही कोपरे ४ सूत वर आणि गाडी आरशासारखी सपाट! टेप बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

मग बिघडलं कुठे? पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या स्प्रिंगा ८-८ सूत उंच झाल्या, पण त्यांचे कोपरे वर आले ४ सूतच. उरलेले ४ सूत त्या जास्त दबून राहिल्या. म्हणजे जास्त वजन त्यांच्यावर. बाकीच्या दोन स्प्रिंगा तेवढ्याच सैल पडल्या. आठवलं का ते बाक?

ट्रकवाले ज्याला धरमकाटा म्हणतात, तो वजनकाटा रस्त्यालगतच होता. मिस्त्रींनी काट्यावर एकेक चाक चढवून चार वेळा वजन घेतलं. काटेवाला म्हणाला, "एवढ्या वर्षांत भात मोजलं, रेती मोजली, गाडीची तंगडी कुणी मोजायला आणली नव्हती." स्टिअरिंगवर काका आणि शेजारी मी, दोघेही साधारण एकाच वजनाचे. (किती ते विचारू नका.) पुतणीने आकडे लिहून घेतले. पुढचं उजवं ५६० किलो, पुढचं डावं ४५०, मागचं उजवं ३९०, मागचं डावं ५१०.

तिने लगेच बेरजा केल्या. उजवीकडे ९५०, डावीकडे ९६०. "हे तर सारखंच आहे!" ती म्हणाली. पुढे १०१०, मागे ९००. पुढे इंजिन असतं, तेव्हा त्यातही विशेष काही नाही. मिस्त्री काहीच बोलले नाहीत, त्यांनी कागदावर बोटाने नुसती फुली काढली. मग तिने तिरक्या बेरजा केल्या. ५६० आणि ५१० मिळून १०७०. ४५० आणि ३९० मिळून ८४०. कागदावर २३० किलोंचा फरक! उजवं-डावं आणि पुढे-मागे कितीही मोजलं असतं तरी तो सापडला नसता.

खिंडीतल्या प्रकाराचा उलगडाही इथेच झाला. ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला थांबवतं ते टायरचं रस्त्यावरचं घर्षण, आणि ते चाकावरच्या वजनावर अवलंबून असतं. पुढचं डावं चाक हलकं होतं. ओल्या रस्त्यावर ते आधी घसरलं. उजव्या चाकाने मात्र रस्ता घट्ट धरला. एका बाजूने रोखलं आणि दुसऱ्या बाजूने सोडलं, तर गाडी रोखलेल्या बाजूलाच वळणार. नव्या गाड्यांत चाक घसरू नये म्हणून एबीएस नावाची सोय असते, या जुन्या गाडीत ती नव्हती. कोरड्या रस्त्यावर हळू ब्रेक लावताना हा दोष काकांना महिनाभर कळला नसता, आणि कळला असता तो फार वाईट वेळी.

ही उंचीची कटकट फक्त मोटारींनाच नाही बरं का. रोहा स्टेशनवर जुन्या पद्धतीचा डबा उभा असेल तर टोकाचे गोल बफर पाहा. ते रुळापासून १०३० ते १११० नव्हे, नेमके १०३० ते ११०५ मिलिमीटरच्या दरम्यानच असावे लागतात. नाहीतर एका डब्याचा बफर दुसऱ्याच्या वर-खाली जाईल. म्हणून चाकं झिजली की स्प्रिंगांखाली कड्या घालून डबा पुन्हा उचलतात. मुंबईच्या नव्या लोकलमध्ये तर पोलादी स्प्रिंगांच्या जोडीला हवेच्या रबरी पिशव्या असतात. दादरला गर्दी घुसली आणि डबा दबू लागला की एक झडप आपोआप उघडून पिशवीत हवा भरते. माणसं उतरली की हवा सोडते. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ सालीच डीएस नावाच्या मोटारीत तेल आणि वायू वापरून चारही चाकांसाठी अशी सोय केली होती. काकांच्या गाडीला मात्र मिस्त्रीच हवे होते.

त्यांनी दोन कामं केली. मागचा उजवा पाटाही डाव्यासारखाच नवा घातला, आणि पुढचा बोल्ट जितका आवळला होता तितकाच सैल केला. "पाटे जोडीने बदलायचे, चपलांसारखे," ते पुटपुटले. (आईबाबांसाठी एक सूचना : या बोल्टवर प्रचंड ताण असतो. मुलांना दूर ठेवा, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली स्वतःही शिरू नका.) उंची बदलली की चाकांचे कोनही थोडे बदलतात, म्हणून अलाइनमेंट करून घेतलं. मागची बाजू वर आल्यामुळे दिव्यांचा झोत खाली पडू लागला होता, तोही नीट केला. संध्याकाळ झाली. मूर्ती दुसऱ्या दिवसावर गेली आणि काकूंचा फोनवरचा आवाज मला मागच्या सीटपर्यंत ऐकू आला.

निघण्यापूर्वी पुतणीने हट्टच धरला, पुन्हा काट्यावर जायचं. काटेवाल्याने कपाळावर हात मारला, पण मोजलं. पुढचं उजवं ५१०, पुढचं डावं ५००, मागचं उजवं ४४०, मागचं डावं ४६०. तिरक्या बेरजा तुम्हीच करा.

दुसऱ्या दिवशी हमरापूरहून मूर्ती घेतली. पाऊस होताच. खिंड संपल्यावर, मागे-पुढे कुणी नाही हे पाहून, काकांनी सरळ रस्त्यावर मुद्दाम एकदा ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर थांबली. मागे पुतणी मूर्तीचा पाट दोन्ही हातांनी धरून बसली होती. "काका, आता पुरे हं," ती म्हणाली.