घड्याळं पुरे झाली!

आपल्यातले कितीतरी जण विंडोजच्या डेस्कटॉपसाठी रेनमीटरवर विजेट बनवतात. बनवतात काय, तर तेच घड्याळ, तोच काबा शरीफचा फोटो. माझ्या मामेबहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला. तिच्या स्क्रीनवर मीच बसवलेलं देखणं घड्याळ सेकंद मोजत होतं. शेवटची तारीख सांगत नव्हतं.

रेनमीटर फुकट आहे. त्याचं विजेट म्हणजे साधी आयएनआय फाइल, नोटपॅडमध्ये लिहिता येते. मग अर्जाचे उरलेले दिवस मराठीत दाखवणारं विजेट का नाही? नमाजच्या वेळा दाखवता, तर असरला हनफी आणि शाफई असे दोन्ही पर्याय द्या. कोकणातल्या शाफई घरांत असरची वेळ आधी होते.

सजावटीला माझा विरोध नाही. पण दोस्तांनो, आधी उपयोग! येत्या जुम्म्यापर्यंत एक फाइल लिहा आणि मोहल्ल्यातल्या एका विद्यार्थ्याला द्या.